बिनपरवानगीची वहिवाट

आमच्या ऑल्डरकोम गावात माणसं विचारल्याशिवाय काही करत नाहीत. दुकानात पुढे चिटपाखरू नसलं तरी "रांग इथेच आहे ना?" असं विचारून मगच उभी राहतात. चर्चमधल्या रिकाम्या बाकावर बसण्याआधी शेजारच्या रिकाम्या बाकाकडे बघून "हरकत नाही ना?" म्हणतात. माझा जन्म इथलाच आणि गेली पंचवीस वर्षं मी इथल्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधते, तेव्हा गावाला नावं ठेवायचा हक्क मला आहे. या विचारण्याच्या खोडीने गेल्या वर्षी आमचं घर हातचं जायची वेळ आली होती.

घर आमचं नव्हतंच, ते व्हायचं होतं. त्याआधी बावीस वर्षं मी आणि माझा नवरा डेन्झिल टफिन जहागिरीच्या मालकीच्या एका घरात भाड्याने राहत होतो. म्हातारे मालक गेले, वारसांनी जहागीर विकली, आणि नव्या मालकांचं एक फार गोड पत्र आलं. आमचं घर त्यांना सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी हवं होतं. सप्टेंबरअखेर आम्ही ते रिकामं केलं तर ते आमचे ऋणी राहणार होते. नाही केलं तर काय, ते दुसऱ्या पानावर होतं.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दुसरीकडे. पण डेन्झिलचे डोळे जात होते. एकतीस वर्षं त्याने या खेड्यापाड्यांतून बस चालवली, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या नजरेच्या ऐन मधोमध एक काळा डाग आला. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं काही दिवस दिसत राहील, मग तेही धूसर होत जाईल. त्यावर उपाय नाही. डेन्झिलने बसच्या किल्ल्या परत केल्या, आठवडाभर कुणाशी बोलला नाही, आणि मग पूर्वीसारखा गावात फिरायला लागला. काठी नाही की कुणाचा हात नाही. दुकान, पब, चर्च, नदीवरचा पूल, सगळी पायाखालची वाट. चर्चची मोठी घंटा तो अजून वाजवतो, कारण दोर हातात आला की त्याला बाकी काही लागत नाही. ऑल्डरकोममध्ये तो आंधळा नव्हताच. बाहेर कुठेही गेला असता तर झाला असता.

हे मला टॉन्टन शहरात कळलं. गावात भाड्याचं घर एकही नव्हतं, म्हणून मी त्याला तिथला एक फ्लॅट दाखवायला नेलं. चांगला होता फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर, भरपूर उजेडाचा. मी स्वयंपाकघराची कपाटं उघडून बघत होते तेव्हा डेन्झिल बाहेरच्या जिन्याकडे गेला. बराच वेळ आला नाही म्हणून मी बघायला गेले, तर तो लांबलचक मार्गिकेत मध्यावर उभा होता. दोन्ही बाजूंना एकसारखी पांढरी दारं. एक हात भिंतीला लावून तो अगदी स्वस्थ उभा होता, जणू कुणाची वाट बघतोय.

"काय करतोयस इथे?" मी विचारलं.

"काही नाही. छान आहे घर," तो म्हणाला.

त्याला लिफ्ट सापडली नव्हती आणि परत यायचं दारही सापडलं नव्हतं, आणि हाक मारायची त्याला लाज वाटली होती. परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिले. माझं तोंड वाईट आहे हे सगळं गाव सांगेल, पण त्या दिवशी मला एक शब्द बोलवेना.

आणि त्याच आठवड्यात गारलँड बाई आमच्या दारात आल्या. वय शहाऐंशी, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं आमच्या शाळेच्या मास्तरीणबाई. मला पाढे त्यांनीच शिकवले. त्यांचं घर टेकडीच्या पायथ्याशी, गावाच्या अगदी कडेला.

"मी भाचीकडे जाऊन राहणार आहे, हेझल," त्या म्हणाल्या. "जिना चढवत नाही आता. घर तुम्हाला हवंय का? दलालाला मी सांगितलेलं नाही. तुमच्या आवाक्यातली किंमत तुम्हीच ठरवा, म्हणजे मला ती दोनदा कमी करून सांगावी लागणार नाही."

मी त्यांना मिठी मारली. आमच्याकडे अशी पद्धत नाही, त्यामुळे दोघीही अवघडलो. पण मारली.

डेन्झिलचे बस कंपनीकडून आलेले पैसे आणि माझ्या पगारावर कर्ज, एवढ्यात जमत होतं. कर्जाला होकारही आला. मी मनातल्या मनात पडदे लावायला सुरुवात केली होती. मग जुलैच्या मध्यावर पेनफोल्ड वकिलांनी मला कचेरीत बोलावलं आणि टेबलावर नकाशा पसरला.

"घर ठीक आहे," ते म्हणाले. "छप्पर ठीक, भिंती ठीक. पण घरापर्यंत जाता येत नाही."

"मी गेल्या गुरुवारी गेले होते की," मी म्हटलं.

"कायद्याने जाता येत नाही." त्यांनी पेन्सिल टेकवली. "गावचा रस्ता इथे संपतो. बाईंचं फाटक इथे. मधली ही चाळीसेक पावलांची वाट बिडगुडांच्या शेतातून जाते. या वाटेवरून जायचा हक्क खरेदीखतात कुठेच नाही. वाटेशिवायच्या घरावर कर्ज मिळत नाही, टफिन बाई."

बिडगुडांशी माझं वाकडं होतं. त्याचं कारण सांगितलं पाहिजे. गावच्या वार्षिक भाजी-फुलांच्या प्रदर्शनात मी मांडणी तपासते. सात वर्षांपूर्वी अम्ब्रोज बिडगुडने घेवड्याच्या शेंगा मांडल्या होत्या. तशा शेंगा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या, सरळ, लांब, एकसारख्या. पण नियम सहा शेंगांचा होता आणि ताटलीत सात होत्या. मी ताटलीवर "नियमाप्रमाणे नाही" असं कार्ड ठेवलं. एक शेंग गुपचूप काढून खिशात टाकली असती तर पहिलं बक्षीस त्याचंच होतं, हे मलाही माहीत आहे. पण तशी मी नाही. तेव्हापासून अम्ब्रोज माझ्याशी बोलला नाही. रस्त्यात समोर आला की कुंपणाच्या झुडपांकडे बघत जातो. सात वर्षांत त्याने आमच्या गावच्या झुडपांचा मोठाच अभ्यास केला असेल.

"मग आता?" मी पेनफोल्डना विचारलं.

"घाबरू नका. वहिवाटीचा हक्क असतो ना. वीस वर्षं सलग, उघडपणे, दांडगाई न करता आणि मालकाच्या परवानगीशिवाय ती वाट वापरली असेल, तर तो हक्क आपोआप मिळतो. गारलँड बाईंनी तसं शपथेवर लिहून दिलं की झालं."

"परवानगीशिवाय?"

"परवानगीशिवाय. परवानगी घेतलेली असली तर ती मालकाची मेहेरबानी झाली. मेहेरबानीने हक्क तयार होत नाही."

मी म्हटलं, हे तर फारच सोपं आहे. आणि बसमध्ये अर्ध्या वाटेवर आल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण गारलँड बाईंबद्दल बोलतोय.

बाई बागेत बसल्या होत्या. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि चष्मा पुसला.

"पण मी विचारलं होतं की," त्या म्हणाल्या.

"कुणाला?"

"थोरल्या बिडगुडांना. एकोणीसशे एकोणसत्तर साली, घर घेतलं त्याच आठवड्यात. टोपी घालून गेले होते. म्हटलं, तुमच्या शेतातून ये-जा केली तर चालेल का? ते म्हणाले, खुशाल या-जा. मग दर सप्टेंबरला मी त्यांना शहाजिरं घातलेला केक नेऊन द्यायला लागले. अजून देते, आता अम्ब्रोजला. कुणाच्या जमिनीवरून वर्षभर चालायचं आणि आभारही मानायचे नाहीत, हे बरं दिसतं का?"

मी खाली बसले, ओल्या गवतावरच. पंचावन्न वर्षं ही बाई दिवसातून दोनदा त्या वाटेने गेली. एखादी दांडगट, उर्मट, कुणाला न जुमानणारी बाई असती तर आज तो हक्क तिचा असता आणि तिच्यामागून आमचा. पण आमच्या वाट्याला आली ऑल्डरकोममधली सगळ्यात सभ्य बाई, आणि तिच्या सभ्यपणाने आमच्या घराची वाट बंद केली होती.

"बाई, तुम्हाला एकदा तरी न विचारता काही करता आलं नाही का हो?"

"तू शाळेत असताना न विचारता शाई सांडली होतीस," बाई म्हणाल्या. "मला आठवतंय."

घरी येऊन मी डेन्झिलला सांगितलं. तो बुटाच्या नाड्या बांधत होता. हल्ली नाड्यांना वेळ लागतो.

"मग टॉन्टन," तो म्हणाला.

"अजून ठरलं नाहीये."

"ठरलं तर ठरलं, हेझल. तिथे बसेस बऱ्या आहेत." हे बोलून तो फिरायला निघून गेला, आणि मी भांडी इतकी आपटून घासली की एक कप फुटला.

दुसऱ्या दिवशी मी पेनफोल्डना फोन केला. त्यांनी विचारलं, "हे थोरले बिडगुड आहेत का अजून?"

"चौतीस वर्षांपूर्वी वारले."

"अस्सं." त्यांचा आवाज एकदम बदलला. "तोंडी परवानगी देणाऱ्याबरोबरच जाते. ते गेले त्या दिवशी ती संपली. त्यानंतर बाईंनी मुलाला विचारलं होतं का?"

"म्हणतात, एकदा विचारलंय तर पुन्हा कशाला."

"आणि मुलाने आपणहून कधी म्हटलं होतं का, की चालेल, या-जा?"

"विचारून बघते."

"टफिन बाई," पेनफोल्ड एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "त्यांना काहीही विचारू नका. त्यांच्याकडे जाऊ नका. ते बिचारे सौजन्याने म्हणतील की मी तर नेहमीच आनंदाने जाऊ देत होतो, आणि तेवढ्या एका वाक्यावर तुमचं घर जाईल. ते हक्क रीतसर लिहून देऊ शकतात, पण त्यांचं शेत बँकेकडे गहाण आहे, बँकेची संमती यायला सहा महिने लागतील. तुमच्याकडे दोन आहेत. बाईंची शपथ पुरेशी आहे. आणि तो केक कशाबद्दल होता, तेही त्यात लिहावं लागेल."

शपथ पुरेशी होती, पण बाई ती घ्यायला तयार नव्हत्या.

"अम्ब्रोजच्या पाठीमागे त्याच्या जमिनीबद्दल शपथ घ्यायची? आणि त्याने ते वकिलाच्या पत्रातून वाचायचं?" त्या म्हणाल्या. "तो माझा विद्यार्थी आहे. मी आधी त्याच्या तोंडावर सांगेन, मगच सही करीन."

मी विनवण्या केल्या, डोकं धरलं, शेवटी आवाजही चढवला. बाई आपल्या टोपीला पिन लावत राहिल्या. शेतातल्या चिखलातून त्यांना एकटीला जाता येत नव्हतं, म्हणून हात धरायला मीच निघाले. जाताना वाटभर मी त्यांना बजावत होते.

"आभार म्हणायचं नाही. हरकत म्हणायचं नाही. चालेल का, असं तर मुळीच म्हणायचं नाही."

"मग बोलायचं काय?"

"जे घडलं तेवढंच सांगायचं, आणि उठायचं."

"याला उद्धटपणा म्हणतात, हेझल."

"याला घर म्हणतात, बाई."

अम्ब्रोज स्वयंपाकघरात कुत्र्यांना खायला घालत होता. त्रेसष्ट वर्षांचा धिप्पाड गडी, पण बाई दारात दिसताच ताठ उभा राहिला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. तिथे झुडपं नव्हती, म्हणून त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"बसा, बाई. आणि तुमच्याबरोबर कुणी आलं असेल तर त्यांनाही बसायला सांगा."

"बस, अम्ब्रोज," बाई म्हणाल्या, आणि तोही बसला. "मी घर टफिनांना विकतेय, हे तुझ्या कानावर आलंच असेल. मला तुझ्या वाटेबद्दल सांगायचंय. एकोणसत्तर साली तुझ्या वडिलांनी मला तिथून ये-जा करायला सांगितलं होतं. हे तुला माहीत होतं ना?"

"नाही."

"कधी बोलले नाहीत ते?"

"वडील गाईंशी बोलायचे, बाई. आमच्याशी नाही."

बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "म्हणजे चौतीस वर्षं मी तुझ्या जमिनीवरून तुला न विचारता चालतेय?"

त्या लाजेने अर्ध्या झाल्या होत्या आणि मी शेजारी बसून आनंदाने फुटायच्या बेतात होते. माणसाच्या मनात एकाच वेळी किती नीचपणा आणि किती आशा मावते ते मला त्या दिवशी कळलं.

"मग अम्ब्रोज," बाई हळूच म्हणाल्या, "तो केक कशाबद्दल आहे असं तुला वाटायचं?"

अम्ब्रोजने मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, पण कानापर्यंत लाल झाला.

"मी आठ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "वर्गातला चेंडू हरवला होता. तुम्ही माझं नाव घेतलंत आणि मला दिवसभर खिडकीपाशी उभं केलंत. मी घेतला नव्हता. नंतर तो कपाटामागे सापडला, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. मग वडील गेल्यावर त्या सप्टेंबरात तुम्ही केक घेऊन माझ्या दारात आलात. वडिलांच्या वेळी आमच्या घरात केक कधी दिसला नव्हता. मला वाटलं, बाईंना ते आठवलं असावं. तोंडाने बोलवत नसेल, म्हणून केक आणतात."

"चौतीस वर्षं?"

"मला शहाजिरं आवडत नाही, बाई. पण मी प्रत्येक वेळी सगळा खाल्ला. कुत्र्यांना दिला नाही."

बाईंना चेंडूचं काहीच आठवत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. त्यांनी टेबलावर हात पुढे करून त्याच्या हातावर ठेवला.

"मी चुकले, अम्ब्रोज," त्या म्हणाल्या. "तेव्हाच म्हणायला हवं होतं. आज म्हणते."

अम्ब्रोजने मान हलवली. मलाही गहिवरून आलं होतं, पण तेवढ्यात बाईंनी त्यांचा तो नेहमीचा, चहाच्या निमंत्रणाचा असतो तसा आवाज काढला, आणि माझ्या अंगावर काटा आला.

"आणि आता त्या वाटेबद्दल, तुझी काही हर–"

मी खोकले. खोकला पुरेना, म्हणून टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. शहाऐंशी वर्षांच्या, मला पाढे शिकवणाऱ्या बाईच्या पायावर. देव मला माफ करो.

"बाई, त्यांना पाणी हवंय का विचारा," अम्ब्रोज कॅलेंडरला म्हणाला. मग तो उठला, खणातून कागद काढला, पेन काढलं. "पेनफोल्ड वकिलांकडे आहे ना काम? कळलं मला. या वाटेला परवानगी होती की नव्हती, त्याचं लिहून हवं असणार. देतो."

"थांब," मी म्हटलं. सात वर्षांतला तो माझा पहिला शब्द. "अम्ब्रोज, लिहू नकोस."

तो लिहीतच राहिला. जाड बोटांनी, सावकाश, एकेक अक्षर कोरत. मला वाटलं, संपलं. माणूस हळवा झालाय, बाईंनी हात धरलाय, आता हा उदार मनाने लिहिणार की मी नेहमीच आनंदाने जाऊ दिलं. मला टॉन्टनची ती मार्गिका दिसली आणि भिंतीला हात लावून उभा असलेला डेन्झिल दिसला. खरं सांगते, मी मनात देवाची प्रार्थना केली की या माणसाला माझा राग येऊ दे, जितका येईल तितका येऊ दे.

त्याने कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी वाचला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. त्यावर लिहिलं होतं:

"मी, अम्ब्रोज बिडगुड, शेतमालक, लिहून देतो की वडील वारल्यापासून आजपर्यंत मी मिस गारलँड यांना किंवा इतर कुणालाही माझ्या शेतातल्या वाटेवरून जाण्याची परवानगी दिलेली नाही. ती कुणी मागितलेलीही नाही. त्या रोज जातात हे मला दिसत होतं आणि मी त्यांना अडवलेलं नाही. त्यांनी आणलेला केक मी वाटेबद्दलचा म्हणून घेतलेला नाही. यापुढे हेझल टफिन यांना तर मी कसलीच परवानगी देणार नाही."

मी दोनदा वाचलं.

"खालच्या गोठ्याच्या वाटेसाठी मी स्वतः तीन वर्षं कोर्टात घालवलीत," अम्ब्रोज बाईंना म्हणाला. "काय लिहायचं आणि काय नाही, ते मला ठाऊक आहे. त्यांना म्हणावं, नियमाप्रमाणे आहे का बघून घ्या."

"नियमाप्रमाणे आहे," मी म्हटलं.

मला त्याचे आभार मानायचे होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणाचे इतक्या मनापासून आभार मानायचे होते, आणि नेमके तेच मानायची सोय नव्हती. मेहेरबानी झाली असती ना. मी दाराशी थांबले. त्याच्या खिडकीबाहेर घेवड्याचे वेल काठ्यांवर चढले होते.

"शेंगा छान धरल्यात," मी म्हटलं.

अम्ब्रोजने सात वर्षांनी माझ्याकडे पाहिलं. "डेन्झिलला सांग," तो म्हणाला, "त्या वाटेला डाव्या हाताला चर आहे. पावसात दिसत नाही. मी तिथे खांब रोवून कंबरेइतका दोर बांधून घेतो. माझ्या जमिनीवर मी काहीही बांधीन, त्याला कुणाला विचारायची गरज नाही."

परतताना बाई लंगडत होत्या. मी दहा वेळा माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पुरे, हेझल, आता तू चौतीस वर्षं मला केक आणत बसशील." आणि आम्ही दोघी त्या चाळीस पावलांच्या वाटेवर, ऐन मधोमध, पोट धरून हसलो.

पेनफोल्डांनी तो कागद वाचून चष्मा काढला. तीस वर्षांच्या वकिलीत इतकं सुरेख लिहून दिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणाले. शेवटच्या वाक्याची कायद्याला गरज नाही, पण ते ठेवू या. बाईंनी सही केली, कर्जवाल्यांनी मान डोलावली, आणि सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला, शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला की घर आमचं झालं. मी तेव्हा शाळेत वाटाणे वाढत होते. हातातला डाव तसाच भांड्यात सोडून मी कोठीघरात गेले, दार लावून घेतलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडले. दोन वर्षं छातीवर जो दगड होता तो उतरला होता. इतकं हलकं वाटलं की उभं राहताना तोल गेला.

सामानाचा ट्रक अरुंद वाटेवर शिरेना, तेव्हा कुणाचातरी ट्रॅक्टर आणि ट्रॉली रस्त्याच्या टोकाला येऊन उभी होती. किल्ली आत, चालक गायब. मीही कुणाला काही विचारलं नाही.

संध्याकाळी चार वाजता डेन्झिल पायी आला. मी फाटकात उभी राहून बघत होते. तो डाव्या हाताने नव्या दोराला नुसती बोटं लावत, सावकाश पण न अडखळता आला. मी त्याला घेऊन आत गेले आणि तोंडाची टकळी सुरू केली. गेल्या काही महिन्यांत मला ती सवयच लागली होती, समोर येईल ते त्याला सांगत सुटायची.

"दार हिरवं आहे, जरा रंग उडालाय. डावीकडे चूल, तिच्यावर निळ्या फरशा. खिडकीच्या कट्ट्यावर बाईंनी कुंड्या ठेवल्यात, तांबड्या फुलांच्या. जिना उजव्या–"

"हेझल," तो म्हणाला, "सांगू नकोस."

मला वाटलं दुखावला.

"या घरासमोर, रस्त्याच्या टोकाला मी एकतीस वर्षं रोज बस वळवली," तो म्हणाला. "नाताळात घंटा वाजवून झाल्या की आम्ही सगळे इथे येऊन बसायचो. निळ्या फरशांतली एक तडकलेली आहे, वरून दुसरी." त्याने हात पुढे केला आणि ती फरशी त्याला सापडली. "टॉन्टनचं घर मी कधीच बघितलं नसतं गं. तू किती सांगितलं असतंस तरी. हे मी पाहिलेलं आहे."

मी त्याच्या पाठीवर डोकं टेकलं. बाहेर ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला आणि वाटेने लांब गेला.